लायसन फाईल जाणार, लॉगिन येणार: कारखान्यातलं सॉफ्टवेअर क्लाउड ॲक्टिव्हेशनवर नेताना

वाळूजच्या आमच्या टूलरूममध्ये, स्टोअरच्या कोपऱ्यात, कटिंग ऑइलच्या डब्यांशेजारी एक काळा डेस्कटॉप होता. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. वर चिकटपट्टीनं लावलेला कागद: ‘हे मशीन बंद करू नये.’ तो कुणी लावला, कधी लावला, कुणालाच ठाऊक नव्हतं. हाउसकीपिंगचे मामा त्यावर रोज फडकं मारायचे, पण बटणाच्या आसपास त्यांचा हात कधी गेला नाही.

डिझाइन विभागाचा सगळा कॅड-कॅमचा, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या आणि त्यावरून मशीनचा प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरचा, परवाना त्या डब्यात बसलाय, हे मला कळलं ते जूनमध्ये. वळवाचा पाऊस आला, लाइट तीनदा गेली-आली आणि डब्याचं नेटवर्क कार्ड जळालं. मी शहागंजातून नवं कार्ड आणून टाकलं, मशीन सुरू झालं, हात झटकून चहाला गेलो. चहा संपायच्या आत वरून फोन: “सर, सॉफ्टवेअर उघडायलंय, पण लायसन नाई म्हणायलंय.” परवाना त्या जुन्या कार्डाच्या नंबराला बांधलेला होता. नवी फाईल मिळेपर्यंत दीड दिवस सहा डिझायनर बसून राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं की फाईलवरचे परवाने यापुढे मिळणार नाहीत, क्लाउडवर या. तो बदल मी केला, चुका करत केला. नंतर जालना आणि नांदेडच्या ओळखीच्या दोघांना फोनवरून करायला लावला. तुमच्यावर ही पाळी पहिल्यांदाच आली असेल तर पुढचं वाचा. कॅडऐवजी तुमचं सॉफ्टवेअर डिझाइनचं, नकाशांचं किंवा विश्लेषणाचं असलं तरी गाडी साधारण याच वळणांनी जाते.

१. आधी समजून घ्या, बदलतंय काय

फाईलवरचे बहुतेक परवाने फ्लेक्सनेट पद्धतीचे असतात. जुनी माणसं अजून फ्लेक्सएलएमच म्हणतात. ती डॉट एलआयसी फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, फक्त सेव्ह करू नका. पहिली ओळ सर्व्हरची, म्हणजे परवाने वाटणाऱ्या मशीनची (आमचा तो काळा डबा): मशीनचं नाव, होस्ट आयडी आणि पोर्ट नंबर. होस्ट आयडी म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, बारा अक्षरांचा. त्याखाली कंपनीच्या डिमनची, म्हणजे मागं चालत राहून परवाने देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची ओळ, आणि मग एकेका मॉड्यूलच्या ओळी: नाव, आवृत्ती, मुदत, किती सीट, आणि शेवटी सहीसारखी अक्षरांची लांब माळ. मशीनचं नाव आणि पोर्ट तुम्ही बदलू शकता. होस्ट आयडी, सीटची संख्या किंवा मुदत यांत एक अक्षर जरी इकडचं तिकडं केलं तर ती सही जुळत नाही आणि फाईल मेली. आमच्या नव्या कार्डानं फाईलला हात लावला नव्हता, पण मशीनचा होस्ट आयडीच बदलला, तो फाईलमधल्याशी जुळेना, आणि फाईल तशीच मेली.

या पद्धतीत परवाना यंत्राचा असतो. सहा सीट म्हणजे एका वेळी कुणीही सहा जण. सातवा आला तर तो थांबतो, एखादा उठला की त्याची जागा याला मिळते. तहसीलसमोरच्या बाकड्यासारखं: बसणारे बदलतात, बाकडं तेच.

क्लाउडवर बहुतेक ठिकाणी परवाना माणसाचा होतो. प्रत्येक खुर्चीवर नाव लिहिलेलं. ज्याच्या ईमेलला परवाना दिला तोच लॉगिन करणार; तो रजेवर असला तरी खुर्ची त्याचीच. तांत्रिक काम एका आठवड्याचं आहे. वेळ खातं ते हे नाव लिहिण्याचं काम, आणि ते आयटीवाल्याच्या एकट्याच्या हातातलं नाही.

२. कागद आणि साहित्य गोळा करा

डीलरला फोन लावायच्या आधी हे सगळं एका फोल्डरमध्ये पाहिजे:

- सध्याची लायसन फाईल, तिच्या जुन्या प्रती, आणि सर्व्हरवर असेल तर ऑप्शन्स फाईल (परवाना कुणाला द्यायचा, कुणाला नाही हे ठरवणारी)
- सर्व्हरची लॉग फाईल, जितकी मागची मिळेल तितकी
- मूळ खरेदीचं बिल, करारपत्र, शेवटच्या नूतनीकरणाचं बिल
- ग्राहक क्रमांक किंवा करार क्रमांक. हा बहुतेक वेळा बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो
- सॉफ्टवेअर असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरची यादी: कुठं आहे, कोणती विंडोज, कोणती आवृत्ती, कोण कोण बसतं
- सॉफ्टवेअरला जोडलेल्या बाहेरच्या ॲड-ऑनची यादी
- कंपनीच्या डोमेनवरचे ईमेल, ज्यांना आहेत आणि ज्यांना नाहीत त्यांची वेगळी यादी
- कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि नोंदणीतलं नाव-पत्ता, तंतोतंत

करारपत्रात एक गोष्ट शोधा: तुमचा परवाना कायमचा आहे की वर्षाचा. कायमचा असेल तर जपून. क्लाउडवर जाताना ‘अदलाबदल’ म्हणून जी सवलत देतात तिच्यात बहुतेक वेळा जुना कायमचा परवाना परत करावा लागतो. एकदा परत केला की उद्या वर्गणी थांबवली तर हातात काहीच उरत नाही. आमच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डायची ड्रॉइंग आहेत, गिऱ्हाईक अजूनही त्यात दुरुस्ती मागतं. म्हणून आम्ही एक जुनी सीट अदलाबदलीतून बाहेर ठेवली. साहेब म्हणाले, “एकच कशाला ठेवायची?” मी म्हटलं, एकच पुरते.

अदलाबदलीचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा. ऑटोडेस्कनं ऑगस्ट २०२० पासून नेटवर्कवरचे मल्टी-युजर परवाने मोडीत काढायला घेतले, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी एका मल्टी-युजर सीटच्या बदल्यात दोन नेम्ड युजर, म्हणजे नाव लिहिलेले परवाने, दिले होते. तुमच्या कंपनीचा दर काय, तो किती वर्षं टिकणार आणि पुढच्या नूतनीकरणाला किंमत काय लागणार, हे ईमेलवर लेखी घ्या. डीलरचा पोरगा फोनवर जे सांगतो ते मनापासून सांगतो, पण वर्षानं तो दुसऱ्या डीलरकडे असतो.

३. सीट मोजू नका, माणसं मोजा

इथं घाई केली की वर्षभर पैसे भरत राहता.

सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणी परवाना उचलला की ‘आउट’, परत दिला की ‘इन’, आणि मिळाला नाही की ‘डिनाइड’ अशी ओळ पडते. ओळीत वेळ, मॉड्यूल, युजर आणि मशीनचं नाव असतं. ही फाईल एक्सेलमध्ये घ्या आणि दोन आकडे काढा: एका वेळी जास्तीत जास्त किती जण आत होते, आणि एकूण वेगवेगळी नावं किती. पहिला आकडा जुन्या पद्धतीचा, दुसरा नव्या पद्धतीचा. डिनाइडच्या ओळी कोणत्या वेळी पडतात तेही बघा. आमच्याकडे सकाळी सव्वानऊ ते दहा आणि दुपारी शिफ्ट बदलताना साडेतीनच्या आसपास त्यांची रांग लागायची.

यात तीन खड्डे आहेत, तिन्हींत मी पडलो.

पहिला: लॉगच्या प्रत्येक ओळीत फक्त घड्याळाची वेळ असते. तारीख मधूनच कुठंतरी टाइमस्टॅम्पच्या ओळीत येते. हे न बघता मी सगळ्या ओळी एकाच दिवसाच्या धरल्या आणि एका वेळी एकवीस जण आत असल्याचा शोध लावला. सीट सहा होत्या.

दुसरा: सर्व्हर पुन्हा सुरू झाला की लॉग पहिल्यापासून लिहिला जाऊ शकतो, जुना पुसून. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘आहे त्या लॉगला पुढे जोडा’ अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर टिक पाहिजे. आमची नव्हती. मग आमच्या लॉगचं वय किती? शेवटची लाइट गेली तेव्हापासूनचं, म्हणजे चार दिवस. टिक लावली आणि दीड महिना थांबलो. तुम्ही हा लेख वाचताय तर ही टिक आजच लावा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

तिसरा सगळ्यात मोठा: लॉगमध्ये विंडोजचं लॉगिन दिसतं, माणूस दिसत नाही. आमच्या लॉगमध्ये नऊ नावं निघाली. त्यात ‘कॅड२’ नावाचा एक महाभाग सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत कामाला होता, जेवायलाही उठत नव्हता. म्हणजे ते एक मशीन, त्यावर एकच लॉगिन, आणि दोन शिफ्टमध्ये बसणारी तीन पोरं. खरी माणसं मोजायला मी तीन दिवस शिफ्ट बदलताना वहीपेन घेऊन डिझाइनच्या दारात उभा राहिलो. सहा सीटवर चौदा माणसं निघाली.

चौदा हा आकडा ऐकून साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पण चौदाच्या चौदा परवाने घ्यायचे नसतात. प्रत्येकाला एकच विचारा: तू यात काढतोस काय? आमच्या चौदापैकी पाच जण, क्वालिटीचे दोघं, प्लॅनिंगचे दोघं आणि स्टोअरचे एक काका, काहीच काढत नव्हते. ड्रॉइंग उघडायचं, माप बघायचं, प्रिंट मारायची. त्याला बहुतेक कंपन्यांचा फुकट व्ह्यूअर असतो, तो पुरतो. राहिले नऊ. त्यातले सात रोजचे, आणि दोघं महिन्यातून पाच-सहा दिवस बसणारे.

या दोघांसाठी टोकनची सोय बघा. ऑटोडेस्कमध्ये तिला फ्लेक्स म्हणतात, इतरांकडे नावं वेगळी. टोकन आधी विकत घ्यायची, ज्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं त्या दिवसाची कापली जातात. मात्र दोन मिनिटांसाठी उघडलं तरी पूर्ण दिवसाचीच कापली जातात, हे त्या दोघांना आधी सांगा. आमच्यातल्या एकाला सवय होती, येता-जाता एखादं माप बघायला सॉफ्टवेअर उघडायचं. त्याला व्ह्यूअरपण दिला.

काही कंपन्या यंत्राला बांधलेला क्लाउड परवाना देतात, काही पूर्वीसारखा सामायिक परवाना पण क्लाउडवरून देतात. शिफ्टवर चालणाऱ्या कारखान्याला हे दोन्ही पर्याय सोन्यासारखे. डीलर हा विषय स्वतःहून काढत नाही, विचारावं लागतं.

आणि ती आयडिया, जी तुमच्याही डोक्यात आत्ता आली असेल: एकच लॉगिन तिघांत वाटून घ्यायचं. करू नका. नेम्ड युजरच्या करारात ते चालत नाही, दुसऱ्यानं लॉगिन केलं की पहिला बाहेर फेकला जातो, आणि पूर्वी लॉग तुमच्या स्टोअरमध्ये होता, आता तो त्यांच्याकडे आहे.

४. खात्याचा मालक कोण, हे कागदावर ठरवा

क्लाउडवर एक मुख्य खातं असतं. परवाने देणं, काढणं, बिल, नूतनीकरण सगळं त्यातून. हे खातं ज्या ईमेलवर उघडलं तो माणूस खरा मालक, बिल कुणाच्याही नावाचं असो.

माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात डीलरच्या माणसानं मदत म्हणून फॉर्म भरून दिला आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच टाकला. दुसऱ्या ठिकाणी डिझाइनच्या हेडनं आपल्या वैयक्तिक जीमेलवर खातं उघडलं, आठ महिन्यांनी तो पुण्याला गेला. पासवर्ड मिळाला, पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर जायचा. तो भला माणूस, फोन उचलायचा, ओटीपी सांगायचा. एक दिवस त्यानं सिम बदललं. मालकी सिद्ध करायला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, जीएसटी प्रमाणपत्र, जुनी बिलं, आणि तीन आठवडे लागले.

म्हणून:

- खातं कंपनीच्या डोमेनवरच्या, पदाच्या नावाच्या ईमेलवर उघडा. माणूस गेला तरी पद राहतं.
- ॲडमिन दोन ठेवा, वेगवेगळ्या विभागांतले.
- दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा द्या, किंवा ऑथेंटिकेटर ॲप वापरा. रिकव्हरी कोड छापून अकाउंट्सच्या तिजोरीत.
- प्रत्येक युजरला कंपनीचा ईमेल काढून द्या. शॉप फ्लोअरवरच्या पोरांना ईमेल नसतो, तो काढणं हा वेगळा खर्च आणि वेगळं काम आहे, ते आधी धरा.

फोन आत नेऊ देत नाहीत अशा विभागात ओटीपी कसा बघणार, याचाही विचार करा. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या अटीमुळे डिझाइनमध्ये कॅमेऱ्याचा फोन चालत नाही. पहिल्या दिवशी पोरं लॉगिनचं बटण दाबून गेटवरच्या लॉकरकडे पळायची, परत येईपर्यंत ओटीपी शिळा. शेवटी दोन यूएसबी सिक्युरिटी की घेतल्या.

तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट किंवा गुगलचं कंपनी-खातं असेल तर सिंगल साइन-ऑन, म्हणजे त्याच एका लॉगिननं सगळीकडे आत जायची सोय, जोडता येतं का ते विचारा. जोडलं की माणूस गेल्यावर एका ठिकाणी बंद केला की सगळीकडे बंद होतो. छोट्या कारखान्यात नसलं तरी अडत नाही.

५. नेट, घड्याळ आणि जुनी विंडोज

सगळ्यांचा पहिला प्रश्न: “नेट गेलं तर काम बंद का?” नाही. बहुतेक सॉफ्टवेअर दर मिनिटाला क्लाउडला विचारत नाहीत. ठरावीक दिवसांतून एकदा विचारतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला ३० दिवसांतून एकदा तरी नेट लागतं, नाहीतर फाईल फक्त वाचता येते. तुमच्या सॉफ्टवेअरची मुदत किती हे विचारून भिंतीवर लिहा. काही ठिकाणी ती दिवसांत नसून तासांत असते, तिथं दुसरी लाइन लागतेच. रस्ता खोदताना फायबर तुटणं आमच्या एमआयडीसीत नवं नाही. एक फोर-जी राउटर कपाटात ठेवलाय, महिन्यातून एकदा चालू करून बघतो.

फायरवॉलमध्ये ४४३ पोर्ट उघडा असतोच. प्रश्न पत्त्यांचा येतो. कंपनीकडून त्यांच्या ॲक्टिव्हेशनच्या पत्त्यांची यादी मागा आणि ते सगळे सोडा. फायरवॉल आतली वाहतूक उघडून तपासत असेल तर या पत्त्यांना त्यातून वगळा. नाहीतर लॉगिनची खिडकी पांढरी येते, आणि पांढऱ्या खिडकीवर एरर नंबर नसतो.

आता घड्याळ. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की लाइट गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागं जाते. जुन्या फाईल पद्धतीत त्याचा एक त्रास होता, क्लाउडवर दुसरा: तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही, आणि एरर मात्र येतो ‘सर्व्हरशी संपर्क नाही’. मी अर्धा दिवस नेटवाल्याशी भांडलो. शेवटी मामांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, “सर, ह्यात तर जानेवारी हाय.” बाहेर भाद्रपद होता. वीस-तीस रुपयांचा सेल.

सगळी मशीन एका एनटीपी वेळेला, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेला जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेलं आहेच, तर एका दगडात होऊन जाईल.

विंडोज ७ वर कुणी बसलं असेल तर त्याला आधी उठवा. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. नवी ॲक्टिव्हेशन सेवा टीएलएस १.२ च्या (टीएलएस म्हणजे सुरक्षित जोडणीची पद्धत) खाली बोलत नाही, आणि जुन्या विंडोजवर ते नीट चालू करून घेण्यात दिवस जातो. हार्डवेअरचा खर्च इथं निघतो, आणि तो डीलरच्या कोटेशनमध्ये नसतो.

एखादं मशीन मुद्दाम नेटपासून तोडलेलं असेल, जसं संरक्षण खात्याच्या कामाचं, तर त्याच्यासाठी ऑफलाइन ॲक्टिव्हेशन आहे का ते लेखी विचारा. मशीनवर एक विनंती फाईल तयार होते, ती पेनड्राइव्हवरून नेट असलेल्या मशीनवर न्यायची, उत्तराची फाईल परत आणायची. ही सोय नसेल तर त्या सीटचा सौदा थांबवा.

६. दोन मशीनवर करून बघा

एक हुशार पोरगा घ्या आणि एक सदा कुरकुरणारा. कुरकुऱ्याचा जास्त उपयोग होतो.

नवीन आवृत्ती टाकली तरी सॉफ्टवेअर जुन्याच सर्व्हरकडे जात असेल तर विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये बघा. एलएम लायसन फाईल अशा नावाचा एक कप्पा तिथं जुन्या सर्व्हरचा पत्ता धरून बसलेला असतो. मात्र तो पुसायच्या आधी बघा की दुसरं कुठलं सॉफ्टवेअर त्याच कप्प्यातून पत्ता घेत नाही ना. आमच्या सीएनसीचा पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे कॅमचं काम मशीनला कळेल अशा प्रोग्राममध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, घेत होता. मी कप्पा पुसला आणि खाली शॉपमध्ये प्रोग्राम निघायचे बंद झाले. तो वेगळ्या कंपनीचा होता आणि त्याचा परवाना त्याच काळ्या डब्यात होता, हे तेव्हा कळलं.

रात्री आपोआप चालणारी कामं असतील तर तीही या दोन मशीनवर लावून बघा. रात्री दोन वाजता लॉगिन करायला माणूस नसतो.

७. बदलाचा दिवस

शनिवार-रविवार नको. तुम्हाला मोकळं असतं, पण सॉफ्टवेअर कंपनीची मदतवाहिनी बंद असते. महिनाअखेर नको, डिस्पॅच असतो. ऑडिटचा आठवडा नको. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर आमच्याकडे निम्मी खुर्ची रिकामी. आठवड्याच्या मधला दिवस, सकाळी दहा.

दोन्ही पद्धती एकत्र चालतील असा काळ कंपनीकडून मागून घ्या, किमान ३० दिवस. आपल्याकडची म्हण आहेच, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. ही परभणी म्हणजे तो जुना सर्व्हर. चालू राहू द्या.

आदल्या दिवशी ज्यांनी लॅपटॉपवर परवाना उसना नेलाय त्यांना तो परत करायला लावा. मग तीन-तीन माणसांना बोलवा: आमंत्रणाचा ईमेल उघडायचा, पासवर्ड ठेवायचा, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावायची, सॉफ्टवेअर उघडून एक खरं ड्रॉइंग सेव्ह करायचं. माणशी वीस मिनिटं धरा. आमंत्रण स्पॅममध्ये गेलेलं असतं, आधी तिथंच बघा. नावाच्या स्पेलिंगवरही नजर ठेवा. ईमेलमध्ये एक ‘ए’ कमी पडला म्हणून एकाचा परवाना दोन दिवस भलत्याच पत्त्यावर पडून होता.

८. पहिले तीन महिने

डिसेंबरात वेळ अमावस्या आली. डिझाइनमधले दोघं लातूरकडचे, येळवशीला शेतात नाही गेले तर घरात घेत नाहीत. दोघं गेले, आणि त्याच दिवशी गिऱ्हाइकानं एका फिक्स्चरमध्ये बदल मागितला. मशीन दोन रिकामी, सॉफ्टवेअर टाकलेलं, समोर काम येणारा माणूस उभा, पण त्याच्या नावावर परवाना नाही. जुन्या पद्धतीत हा प्रश्नच आला नसता. ॲडमिनमधून एकाचा परवाना काढून याला दिला, दहा मिनिटांत झालं. पण काही कंपन्यांत असा बदल ठरावीक दिवसांतून एकदाच करता येतो. तुमच्याकडे काय नियम आहे ते सण यायच्या आधी बघा, आणि रजेचा अर्ज आला की एचआरच्या मॅडमनी ॲडमिनला कळवायचं, एवढी एक सवय लावा. नोकरी सोडणाऱ्याचं तर त्याच दिवशी. क्लिअरन्सच्या फॉर्मवर आम्ही एक रकाना वाढवलाय.

पैशाचे दोन मुद्दे. नूतनीकरण कंपनीच्या कार्डावर आपोआप लावलं असेल तर रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये अशा कपातीची ओटीपीशिवायची मर्यादा १५,००० रुपये केली आहे. त्यावर रक्कम गेली की दर वेळी मंजुरी लागते. कार्ड साहेबांचं, ओटीपी साहेबांना, आणि साहेब त्या दिवशी तिरुपतीला रांगेत. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण दोन्ही ॲडमिनच्या कॅलेंडरमध्ये टाका. दुसरं, खात्यात जीएसटी क्रमांक पहिल्या दिवशी भरा. बिलावर तो नसेल तर १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळवताना सीए तुम्हालाच फोन करणार.

९. काळा डबा बंद करणं

सगळे नव्या पद्धतीवर आले असं वाटलं तरी महिनाभर जुन्या सर्व्हरचा लॉग बघत राहा. आमच्याकडे बाराव्या दिवशी एक ‘आउट’ पडला. शोधलं तर शेंद्र्याच्या दुसऱ्या युनिटमधलं एक मशीन, जे माझ्या यादीतच नव्हतं.

लॉग सलग पंधरा दिवस शांत राहिला की लायसन फाईल, ऑप्शन्स फाईल आणि सगळा लॉग दोन ठिकाणी जपून ठेवा. जुनी फाईल वापरातून काढल्याचं पत्र कंपनी मागते; ते देताना ठेवलेली सीट त्यात चुकून लिहिली जात नाही ना, ते दोनदा वाचा. पोस्ट-प्रोसेसरसारखं दुसऱ्या कुणाचं काही त्या मशीनवर असेल तर त्यांच्याकडून नवीन मशीनच्या होस्ट आयडीची फाईल आधी मागवा, ती चालते का ते बघा, मगच प्लग काढा.

आम्ही प्लग काढला तेव्हा मामांनी विचारलं, कागद पण काढू का. जुनी ठेवलेली ती एक सीट आणि पोस्ट-प्रोसेसर आता साहेबांच्या केबिनमागच्या छोट्या मशीनवर आहेत, यूपीएसला जोडलेल्या. कागद काढून त्यावर लावला, खाली माझं नाव, मोबाइल नंबर आणि मॅक ॲड्रेस लिहून.